जपानी सॉफ्ट पेस्टल: पहिली कांडी हातात घेताना

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे पेस्टल म्हटलं की एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षेला नेलेली ऑइल पेस्टलची पेटी आठवते. मेणकट कांड्या, घासल्यावर चकाकणारा रंग, नखाखाली बसलेला थर. त्या पेस्टलचं माहेरही जपानच. तिथल्या साकुरा कंपनीनं १९२५ साली ते 'क्रे-पास' नावानं आणले. पण या लेखात ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते सॉफ्ट पेस्टल वेगळे. त्यांत तेल नाही, मेण नाही. रंगद्रव्याची पूड, पांढऱ्या खडूची बारीक भुकटी आणि ते सगळं जेमतेम धरून ठेवेल इतकाच डिंक. बस. म्हणून नुसतं बोट लावलं तरी रंग बोटावर येतो, आणि कागदावर उमटतो तेव्हा फुलपाखराच्या पंखावरच्या पुडीसारखा दिसतो.

जपानमध्ये असे पेस्टल हातानं बनवण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे क्योटोचे 'गोंडोला' पेस्टल. ते बनवणारा ओकान कागाकू कोग्योशो हा छोटा कारखाना १९१९ साली सुरू झाला. त्याआधी जपानी चित्रकारांना युरोपातून येणाऱ्या पेस्टलवर अवलंबून राहावं लागे. योकोसुकात जन्मलेले याझाकी चियोजी (१८७२–१९४७) हे पेस्टलची पेटी घेऊन देशोदेशी फिरलेले चित्रकार. रंग वाळायची वाट बघायला नको, पाणी नको, तेल नको. समोरचा उजेड बदलायच्या आत चित्र पुरं. आपल्या देशात चांगले पेस्टल तयार व्हावेत म्हणून ज्यांनी ध्यास घेतला त्यांच्यात ते होते. गोंडोलाच्या यादीत आज २४० च्या वर रंग आहेत.

२४० हा आकडा ऐकून नवख्या माणसाची छाती दडपते. माझीही दडपली होती. जलरंगात बारा वड्यांत भागतं, मग इथे एवढे कशाला? याचं उत्तर नीट समजलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

जलरंगात किंवा तैलरंगात तुम्ही रंग पॅलेटवर कालवता. पेस्टलला पॅलेटच नाही. निळ्यावर पिवळा घासून हिरवा मिळतो खरा, पण तिसरा-चौथा थर चढला की पुडी एकमेकींत मिसळून मातकट होते आणि कागद पुढचा रंग घेईनासा होतो. त्यामुळे कालवण्याचं काम कारखान्यातच करून ठेवावं लागतं. एका रंगाचा शुद्ध गोळा घ्यायचा, त्यातला काही भाग पांढऱ्यात मळून फिका गोळा करायचा, त्यातला काही पुन्हा पांढऱ्यात मळायचा. अशी एकाच निळ्याची गडदपासून फिक्यापर्यंत उतरंड तयार होते. डिंकाचं प्रमाणही रंगागणिक बदलतं, कारण काही रंगद्रव्यं आपसूक घट्ट बसतात आणि काहींचा डिंक कमी पडला तर भुगा होतो. पाश्चात्त्य कृतींत यासाठी ट्रॅगाकँथ हा डिंक वापरतात. आपल्या कतीऱ्यासारखाच तो पाण्यात फुगून लिबलिबीत होतो. मळलेल्या गोळ्याच्या कांड्या करायच्या आणि उष्णतेची घाई न करता वाळवायच्या. घाईनं वाळवली तर कांडीला चिरा जातात. हातानं बनवलेल्या कांडीची किंमत या मळण्यात आणि वाळवण्यात आहे. प्रत्येक रंग हाताला सारखाच मऊ लागावा, हे यंत्राच्या एकाच ठराविक दाबानं साधत नाही.

तर सॉफ्ट पेस्टलमध्ये रंग निवडायचा असतो. हे एकदा मनात बसलं की खरेदीला निघा.

खरेदी

पूर्ण संच घेऊ नका. पैसे असले तरी घेऊ नका. मोठ्या संचासमोर बसलं की हात भडक रंगांकडे जातो, आणि चित्राला खरी गरज असते ती करड्या, मळकट, मधल्या रंगांची. सुट्या कांड्या मिळतात तिथून सोळा-सतरा निवडा. माझी यादी अशी: निळे तीन (गडद, मधला, फिका), हिरवे तीन आणि तेही पोपटी नकोत, शेवाळी बरे, गेरू ते तपकिरी तीन, पिवळे दोन, एक लिंबाचा आणि एक पिवळ्या मातीचा, लाल-केशरी दोन, जांभळट करडे दोन, एक जवळजवळ काळा आणि एक किंचित पिवळट पांढरा. शुद्ध काळा आणि दुधासारखा पांढरा मुद्दाम टाळलेत. ते हाताशी असले की आपण सावली काळ्यानं आणि उजेड पांढऱ्यानं दाखवतो, आणि दोन्ही निर्जीव होतात.

निवडताना एक युक्ती करा. कांड्या शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत सगळ्या सारख्याच करड्या दिसल्या तर तुमच्याकडे रंग आहेत पण टोन, म्हणजे गडद-फिकेपणाच्या पायऱ्या, नाहीत. गडद, मधला, फिका असे तीन गट स्पष्ट दिसले पाहिजेत. रंग थोडा चुकला तर चित्र तरतं, टोन चुकला तर तरत नाही.

तोक्योत कुणी नातलग असेल तर शिंजुकुतलं सेकाइदो हे कलासाहित्याचं मोठं दुकान त्यांना बघायला सांगा. तेन्नोझूमधलं 'पिगमेंट तोक्यो' मात्र रंगद्रव्यांचं दुकान आहे, तिथे भिंतभर बाटल्यांत रंगांची पूड मांडलेली असते. पेस्टल म्हणून मागायला तिथे पाठवू नका, पण रंग म्हणजे मुळात माती, दगड आणि रसायन हे डोळ्यांनी बघायला जरूर पाठवा. क्योटोत कुणी जाणार असेल तर उएबा एसो हे १७५१ सालापासूनचं रंगांचं दुकान आहे. तिथे शिंपल्यांपासून केलेला 'गोफुन' हा पांढरा रंग बघायला मिळेल. गोफुन सरसात कालवून निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीच्या, चित्रांत वापरतात. जपानी पेस्टल म्हणजे निहोंगाचेच रंग कांडीत, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. तो रंग वेगळा, हा वेगळा. दोन्हींत मुख्य पांढरं द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट असतं एवढंच साम्य. ओसाकाच्या होल्बाइन कंपनीचे चौकोनी सॉफ्ट पेस्टलही चांगले. धारदार कडेमुळे रेषा काढायला ते सोयीचे पडतात.

जपानहून कुणी आणणार असेल तर कांड्या सामानात टाकू नयेत, हातातल्या पिशवीत आणाव्यात. पोस्टानं मागवल्या तर आयात शुल्काचा हिशोब आधीच धरा. तो धरला नाही की पार्सल दारात आल्यावर किंमत कळते.

कांड्या घरी आल्यावर

पहिलं काम रंगवण्याचं नाही, नोंदीचं. कांडीवरचा कागद एकदा निघाला की तिचा क्रमांक गेला. म्हणून एका जाड कागदावर प्रत्येक कांडीचा बोटभर पट्टा ओढा आणि खाली क्रमांक लिहा. हा तक्ता जपून ठेवा. दीड वर्षांनी एखादी कांडी संपते आणि 'तोच' करडा पुन्हा मागवायचा असतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

मग कांडी मोडा. हो, मोडा. मधून दोन तुकडे करा. एक कामाला, दुसरा क्रमांकाच्या कागदात गुंडाळून बाजूला. एवढ्या महागाच्या कांडीला मोडायला हात धजत नाही हे मला माहीत आहे. पण अख्खी कांडी आपण पेन्सिलीसारखी टोकानं धरतो आणि तिची खरी ताकद आहे तिच्या कुशीत. तुकडा आडवा धरून कागदावरून हलका सरकवला की एका फटक्यात रुंद आभाळ येतं.

त्याच तक्त्याची दुसरी एक प्रत करून अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन-चार महिने ठेवा. काळा कागद काढल्यावर ज्या रंगांच्या दोन अर्ध्यांत फरक दिसेल ते उन्हाला टिकत नाहीत. गुलाबी आणि जांभळ्यांकडे विशेष लक्ष ठेवा. अल्ट्रामरीन निळा, गेरू, पिवळी माती हे भरवशाचे.

कागद

सॉफ्ट पेस्टल कागदाच्या खरखरीतपणात अडकून राहतो, त्यामुळे कागदाची पकड हवीच. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा गुळगुळीत कागद दोन थरांत थकतो. कॅन्सनचा मी-तँत हा रंगीत कागद आपल्याकडे मोठ्या स्टेशनरी दुकानांत मिळतो. त्याच्या एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असते. ती चित्रात उमटते, म्हणून नवख्यांनी मागची, नक्षी नसलेली बाजू वापरावी. याहून पकड हवी तर पॉलिशपेपरसारखे वाळूचे पेस्टल कागद असतात, पण ते कांडी झपाट्यानं खातात. घरी करायचं तर जाड कागदावर ॲक्रिलिक जेसोत (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तरात) थोडी प्युमिस या सच्छिद्र दगडाची बारीक पूड कालवून रुंद ब्रशनं हात द्या आणि वाळू द्या.

जपानी रंग आहेत म्हणून वॉशी हा पारंपरिक जपानी कागदच घ्यावा, असा मोह मलाही झाला होता. साध्या वॉशीचे धागे लांब आणि सैल असतात. जरा जोरानं घासलं की ते उठतात आणि लोकरीचे गोळे होतात. सरस आणि तुरटीचा 'दोसा' लावलेला वॉशी मिळाला तर वापरा, नाहीतर पहिली दहा चित्रं साध्या पेस्टल कागदावर करा.

कागद पांढरा नको. मध्यम करडा किंवा निळसर करडा घ्या. मग मधला टोन कागदच सांभाळतो आणि तुम्हाला फक्त गडद आणि फिका मांडायचा उरतो.

पंखा बंद

रंगवायला बसण्याआधी छताचा पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पेस्टलची धूळ हलकी असते, काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात, आणि ती धूळ नाकात जाता कामा नये. बोर्ड सपाट ठेवू नका, उभा ठेवा. खाली पन्हाळीसारखा दुमडलेला कागद लावा म्हणजे धूळ त्यात पडेल. चित्रावर फुंकर मारायची नाही. पडलेली धूळ झाडूनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. हातमोजे घाला किंवा काम झाल्यावर हात नीट धुवा, आणि काम चालू असताना चहाचा कप त्या टेबलावर ठेवू नका. घरात रांगणारं मूल असेल तर कांड्या वरच्या फडताळात, कारण त्या गोळ्यांसारख्या दिसतात.

हात बसवणं

जपानमध्ये 'पास्तेल नागोमी आर्ट' नावाचा एक साधा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात कांडी कागदावर घासत नाहीत. ती बारीक जाळीवर किंवा पात्यानं किसून पूड करतात आणि ती पूड बोटानं किंवा कापसानं लहान चौकोनी कागदावर पसरतात. नवख्यांनी पहिले दोन दिवस हेच करावं असं माझं मत आहे. कागद वाया जात नाही, कांडी मोडत नाही, आणि किती थोड्या पुडीत किती मोठं आभाळ भरतं ते बोटाला कळतं. वरून खाली निळ्याची पूड विरळ करत आणा, तळाशी चिमूटभर केशरी, मध्ये दोघांना अगदी हलकं भेटवा. संध्याकाळ तयार.

तिसऱ्या दिवशी कांडी हातात घ्या. नियम थोडकेच. कडक कांडी आधी, मऊ नंतर, कारण मऊ रंगानं कागदाची पकड भरली की कडक कांडी वरून नुसती घसरते. गडद आधी, फिका नंतर. दाब कमी. पहिला थर इतका हलका असावा की खालचा कागद ठिपक्याठिपक्यांनी दिसत राहील. त्या ठिपक्यांत हवा असते आणि पेस्टलचं तेज तिच्यामुळे आहे. बोटानं सारखं घोटत बसलात की ते ठिपके बुजतात आणि चित्र पावडर लावलेल्या चेहऱ्यासारखं एकसुरी होतं.

पहिलं चित्र: एक लिंबू

खिडकीजवळ, डावीकडून उजेड येईल असं एक लिंबू पांढऱ्या ताटलीत ठेवा. निळसर करड्या कागदाचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या.

पिवळ्या मातीच्या कांडीनं अगदी हलक्या रेषेत लिंबाचा आणि ताटलीचा आकार मांडा. पेन्सिल वापरू नका, ग्राफाइटवर पेस्टल नीट बसत नाही.

आता डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक सगळं नाहीसं होतं आणि उजेड-सावलीचे तीन-चार तुकडे उरतात. आधी सावली. ताटलीवर पडलेली सावली जांभळट करड्या तुकड्याच्या कुशीनं भरा. लिंबाची अंधारी बाजू शेवाळी हिरव्यानं. पिवळ्यात काळा मिसळून सावली करायचा मोह आवरा; लिंबाची सावली हिरवट किंवा तपकिरी असते, काळी नसते.

मग मधला भाग पिवळ्या मातीनं. हा थर हिरव्याच्या कडेवर थोडा चढू द्या. कडा बोटानं पुसू नका, तिरक्या रेषांनी एकात एक गुंफा.

उजेडाची बाजू लिंबाच्या पिवळ्यानं, आता थोडा दाब देऊन. इथे रंग एकदम पेटल्यासारखा दिसेल, कारण शेजारी थंड करडा आहे.

सावलीतल्या खालच्या कडेला बारकाईनं बघा. ताटलीचा पांढरेपणा तिथे परत लिंबावर पडलेला दिसेल. फिक्या निळ्याची एक पुसट रेघ तिथे पुरे. ती दिली की लिंबू गोल होतं. पहिल्यांदा हे घडताना बघितलं तेव्हा मी ती रेघ पुसून पुन्हा तीनदा काढली होती, केवळ ते घडताना पाहायला.

शेवटी चकाकी. पिवळट पांढऱ्याचा एकच ठिपका, दाबून, आणि मग हात मागे. पार्श्वभूमी पूर्ण भरायची गरज नाही. कागद तिथे आहेच.

चूक झाली तर खोडरबर घासू नका. जाड, कोरड्या ब्रशनं तेवढा भाग झटका किंवा मऊ, मळता येणाऱ्या खोडरबरानं टिपून उचला, आणि त्या जागी पुन्हा थर द्या.

फिक्सेटिव्ह मारायचा का?

फिक्सेटिव्ह म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारा फवारा. मी तो शेवटच्या थरावर मारत नाही. समुद्रकिनाऱ्यावर कोरडी वाळू फिकी दिसते आणि ओली झाली की गडद, तेच इथे होतं. फवाऱ्यातलं द्रव्य पुडीच्या कणांमधल्या हवेची जागा घेतं, आणि फिके रंग गडद होतात, मऊपणा जातो. मधल्या थरांवर, कागदाची पकड परत आणायला, दूरवरून एक हलका फवारा ठीक आहे. तोही उघड्या गच्चीत किंवा बाल्कनीत. रंगवून झालेलं चित्र मात्र काचेखाली सांभाळायचं.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट किंवा पट्टी हवी. आणि काचेऐवजी ॲक्रिलिक शीट नको. त्यावर स्थिर वीज साठते आणि ती रंगाची पूड ओढून घेते. फ्रेम होईपर्यंत चित्र ग्लासीन या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाखाली सपाट ठेवा. एकावर एक ठेवली तरी चालतील, सरकवू मात्र नका.

सांभाळणं, विशेषतः पावसाळ्यात

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. डिंक हे बुरशीचं अन्न आहे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पेटीतल्या तीन कांड्यांवर पांढरट केस उगवले होते. त्यांतली एक म्हणजे खास आभाळासाठी घेतलेला निळा. तेव्हापासून जूनच्या सुरुवातीला कांड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला फोम, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या महिन्याला बदलते. ओल्या हातानं धरलेली कांडी तशीच डब्यात जात नाही, आधी ती कागदावर रात्रभर वाळते.

एकमेकींना घासून कांड्या मळतात आणि सगळ्या करड्या दिसू लागतात. एका डब्यात कोरडे तांदूळ घ्या, कांड्या त्यात ठेवा, डबा हळूच डोलवा. तांदूळ वरचा मळ खरवडून घेतात आणि आतला रंग उजळून येतो. हातानं बनवलेल्या जपानी कांड्या फार मऊ असतात, त्यामुळे डबा जोरानं हलवू नका. त्यांच्यासाठी जाडा रवा बरा. ते तांदूळ आणि रवा पुन्हा फक्त याच कामाला. डब्यावर तसं लिहून ठेवा, म्हणजे घरात कुणी चुकून वापरणार नाही.

पन्हाळीत साठलेली धूळ आणि नखाएवढे उरलेले तुकडे फेकू नका. रंगानुसार वेगळ्या बरण्यांत ठेवा. पुरेसे झाले की मास्क लावून खलात अलगद कुटा, ऊर्ध्वपातित पाण्याचे थेंब टाकत कणकेसारखं मळा, टिश्यूच्या कागदावर लाटून कांडी करा आणि सावलीत आठवडाभर वाळवा. तुकड्यांत मूळचा डिंक असतोच, त्यामुळे बहुधा वेगळा घालावा लागत नाही. वाळल्यावर भुगा झालाच तर पुढच्या वेळी पाण्याऐवजी डिंकाचं अगदी पातळ पाणी घाला. सगळ्या रंगांची मिसळलेली धूळ असेल तर तिची कांडी एका उबदार करड्या रंगाची होते. तो करडा कुठल्याही कंपनीच्या यादीत मिळत नाही, आणि तुमच्या चित्रांतल्या प्रत्येक रंगाशी त्याचं जुळतं, कारण तो त्यांच्यातूनच आलेला असतो. माझ्याकडे सध्या अशा चार कांड्या आहेत. लिंबाच्या मागची पार्श्वभूमी मी आता त्यांनीच भरते.